डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें वैद्यव्रत

प्रतिवर्षीं शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे वर्गांत एक प्रश्न हटकून निघतो. पुढें काय होण्याचा विचार आहे, असें विचारलें असतां डॉक्टर होण्यासाठीं जितके हात वर होतात, तितके दुसऱ्या कोणत्याही उद्योगासाठीं होत नाहींत. पालकांची इच्छाही बहुधा तीच असते. गोंदियास २०१६ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून तर ही आकांक्षा आमच्या जिल्ह्यांतील मुलामुलींस पूर्वींइतकी दूरची वाटत नाहीं. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु डॉक्टर होणें म्हणजे कोणतें ऋण शिरावर घेणें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या तोंडीं येतो. रोग्यांची रीघ लागली आहे, औषधें अपुरीं आहेत, घरून दुःखाची वार्ता आली आहे, अंगांत उभें राहण्याची शक्ति उरलेली नाहीं, अशा वेळीं समोर निजलेल्या रोग्याचें आपण किती देणें लागतों? या प्रश्नाचें उत्तर एका महाराष्ट्रीय डॉक्टरानें आपल्या आयुष्यानें दिलें. त्याचें चरित्र आम्हीं या अंकांत सांगण्याचें योजिलें आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापूर येथें झाला. कुटुंब मध्यम स्थितींतलें असून मोठें होतें. द्वारकानाथांस दोन भाऊ व पांच बहिणी होत्या. आमच्या गोंदियास जशा भाताच्या गिरण्या, तशा सोलापुरास कापडाच्या गिरण्या. भोंगा झाला कीं हजारों माणसें कामावर जावयाचीं आणि भोंगा झाला कीं थकून घरीं परतावयाचीं, असें तें कष्टकऱ्यांचें शहर. अशा गांवीं वाढलेल्या मुलाच्या दृष्टीस दारिद्र्य आणि आजार यांचें नातें लहानपणींच पडलें असल्यास नवल नाहीं.

पुढें ते वैद्यकीय शिक्षणासाठीं मुंबईस गेले. परळ येथें १९२६ सालीं निघालेलें शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय तेव्हां अगदीं नवें होतें. तेथून १९३६ सालीं त्यांनीं पदवी मिळविली आणि त्यावरील परीक्षेची तयारी ते करूं लागले. मार्ग सरळ दिसत होता. आणखी कांहीं वर्षें अभ्यास, मग दवाखाना, मग नांवलौकिक व कुटुंबास आधार. एवढा खर्च करून मुलास शिकविणाऱ्या आईबापांनीं याहून वेगळें काय इच्छावें?

परंतु जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर उघड युद्ध सुरू केलें. शहरांवर बाँब पडूं लागले. जखमींची संख्या अफाट आणि शिकलेले डॉक्टर मूठभर, अशी चीनची दशा झाली. चिनी सेनापति चू-तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साह्य मागितलें. १९३८ सालीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष श्री. सुभाषचंद्र बोस होते. त्यांनीं लोकांस आवाहन केलें, वर्गणी गोळा झाली, आणि पांच डॉक्टरांचें एक पथक चीनला पाठविण्याचें ठरलें. आपला देशच त्या वेळीं परतंत्र होता, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

त्या पांचांचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल होते. डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे दोघे कलकत्त्याचे होते. सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, असे दोघे मराठी बोलणारे होते. नागपूर आमच्या गोंदियाहून आगगाडीनें कांहीं तासांच्या अंतरावर आहे. तेव्हां गोंदिया स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि तसा तो १९९९ सालापर्यंत राहिला. एवढ्या दूरच्या युद्धाशीं आमच्या या मुलुखाचाही असा एक धागा जुळलेला आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं हें पथक मुंबईहून राजपुताना नांवाच्या आगबोटीनें निघालें. द्वारकानाथांस तेव्हां अठ्ठाविसावें वर्ष संपावयाचें होतें. त्याच महिन्यांत ते कँटन बंदरीं उतरले. ऑक्टोबर महिन्यांत कँटन जपानच्या हातीं गेलें, हांकौही गेलें. शहरामागून शहर सोडीत, वाटेंत जखमींची शुश्रूषा करीत, हें पथक चुंगकिंगपर्यंत पोंचलें.

येथें त्यांच्या आयुष्यांतील पहिली कठीण परीक्षा झाली. चुंगकिंगहून पुढें उत्तरेकडे जाण्याची तयारी चालली असतां वडील वारल्याची वार्ता त्यांस कळली. पुत्रानें घरीं परतावें, आईचें सांत्वन करावें, भावंडांचा भार उचलावा, ही आमच्याकडील रीत आहे आणि ती चांगलीच आहे. ते परतले असते तर त्यांस कोणीही नांव ठेविलें नसतें. तरीही ते परतले नाहींत. हा निर्णय त्यांनीं सहज घेतला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. घरच्या माणसांविषयीं ज्याच्या मनांत माया नाहीं, तो परक्या रोग्यावरही माया करीत नसतो. कुटुंबाचें ऋण व रोग्याचें ऋण हीं दोन्ही खरीं आहेत. त्यांतून एक निवडावें लागलें म्हणजे दुसरें नाहींसें होत नाहीं. तें मनांत सलत राहतें. द्वारकानाथांनीं तें शल्य बरोबर घेऊन पुढची वाट धरली.

फेब्रुवारी १९३९ मध्यें पथक येनानला पोंचलें. चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्ग-सेनेचें तें मुख्य ठाणें होतें. त्या भागांतील टेंकड्या पिवळ्या मऊ मातीच्या असल्यामुळें लोक त्यांत गुहा कोरून राहत, आणि रुग्णालयेंही अशा गुहांतूनच चालत. भारतीय डॉक्टरांनीं आपल्या नांवांस चिनी रूप दिलें व प्रत्येकानें त्यांत ह्वा हें अक्षर जोडलें. त्या अक्षराचा अर्थ चीन असा आहे. कोटणीस यांचें नांव के ति-ह्वा असें झालें. चीनमध्यें आजही ते याच नांवानें ओळखले जातात.

पुढें पथकांतील मंडळी एकेक करून स्वदेशीं परतली. डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी १९३९ सालीं आणि डॉ. अटल १९४० सालीं परत आले. डॉ. बसू १९४३ पर्यंत येनान येथें काम करीत राहिले. जे परतले, त्यांस उणें लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांनींही आपलें घर सोडून संकटांत उडी घेतली होती, आणि प्रत्येकाची शक्ति व प्रत्येकाचें बोलावणें वेगळें असतें. कोटणीस मात्र प्रत्यक्ष रणभूमीच्या बाजूस, वुताई पर्वताच्या प्रदेशाकडे गेले.

त्या प्रदेशांत त्यांच्यापूर्वीं आणखी एक परदेशी डॉक्टर काम करीत होते. त्यांचें नांव नॉर्मन बेथ्यून असून ते कॅनडाचे होते. आघाडीच्या अगदीं मागेंच शस्त्रक्रिया करावी, म्हणजे वाटेंत रक्त जाऊन मरणारे जखमी वांचतात, असा त्यांचा आग्रह असे. हातीं सांपडलेल्या जखमी जपानी सैनिकांवरही ते उपचार करीत. मेजावर आलेला मनुष्य त्यांच्या लेखीं शत्रु राहत नसे. शस्त्रक्रिया करतां करतां त्यांच्या बोटास जखम झाली, तींतून विष शरीरांत भिनलें आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते मरण पावले. पेनिसिलिनसारखें औषध तोंवर वैद्यांच्या हातीं आलेलें नव्हतें. बेथ्यून यांची जागा रिकामी झाली होती. त्यांचेंच काम पुढें कोटणिसांच्या वांट्यास आलें.

१९४० सालीं त्या भागांत मोठी लढाई जुंपली. जखमींचे तांडे येऊं लागले. औषधांचा तुटवडा नेहमींचाच होता. अशा स्थितींत डॉ. कोटणिसांनीं एकदां सतत बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस व तीन रात्री, झोंप न घेतां शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईंत त्यांच्या हाताखालून आठशेंहून अधिक जखमी गेले.

वाचकहो, हा आंकडा वाचून आपण थक्क होतों आणि पुढें जातों. परंतु क्षणभर थांबून दुसऱ्या बाजूनें त्याच्याकडे पाहूं. डॉक्टरांच्या दृष्टीनें जो चारशेंवा जखमी, तो स्वतःच्या दृष्टीनें एकटाच असतो. त्याला एकच पाय, एकच जीव, आणि दूर खेड्यांत वाट पाहणारी एकच आई असते. आपल्या अगोदर तीनशें नव्याण्णव झाले, हें त्याला ठाऊक नसतें आणि ठाऊक असलें तरी त्याचें दुःख त्यामुळें उणें होत नाहीं. थकलेल्या हातानें त्याच्या जखमेंतील छऱ्याचा एखादा तुकडा तसाच राहिला, तर त्याचा पाय जाईल. गर्दी, थकवा, अपुरीं साधनें, हीं सारीं कारणें खरीं असलीं तरी जखमेला कारणें समजत नाहींत. रोग्यांच्या गर्दींत एकेका रोग्यास पुरतें पाहणें, हेंच डॉक्टराच्या कर्तव्याचें खरें माप होय, असें आम्हांस वाटतें.

जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे संचालक म्हणून डॉ. कोटणीस यांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें दगडविटांची इमारत उभी राहते. तेथें तसें कांहीं नव्हतें. शत्रूची फौज त्या डोंगराळ मुलुखावर पुनःपुन्हां चालून येत असे. मग रोग्यांस खांद्यांवर घेऊन दुसऱ्या खेड्यांत हलावें लागे, आणि शेतकऱ्यांच्या घरांतूनच खाटा मांडाव्या लागत. रोग्यास सोडून न जाणें, याचा तेथील अर्थ असा अगदीं शब्दशः होता.

त्यांच्या कामांतील आणखी दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्याव्या. पहिली, त्यांनीं चिनी भाषा शिकून घेतली आणि ती ते बोलूं, वाचूं व लिहूं लागले. ती भाषा कठीण आहे, आणि दुभाष्यावर काम भागविणें त्यांस शक्य होतें. परंतु रोग्याचें दुखणें दुभाष्याच्या तोंडून कळतें तेव्हां त्यांतील निम्में वाटेंतच सांडतें. आमच्या जिल्ह्यांत देवरी, सालेकसा, अर्जुनी या बाजूंच्या खेड्यांतून गोंडी बोलणारीं माणसें आहेत. झाडीबोली तर घरोघरीं आहे. वयस्क गोंड आजीबाई दवाखान्यांत येऊन आपल्या बोलींत दुखणें सांगूं लागली असतां जो डॉक्टर कान देतो, तो अर्धें औषध तेथेंच देतो. पुढें डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्या मुलांनीं आपल्या बोलीची लाज बाळगूं नये. ती त्यांच्या रोग्याची ठेव आहे.

दुसरी गोष्ट, त्यांनीं शिकविलें. बेथ्यून यांच्याच नांवाच्या वैद्यकीय शाळेंत ते शस्त्रक्रियेचे पाठ देत आणि विद्यार्थ्यांसाठीं त्या विषयावरील पुस्तकही लिहीत. स्वतःच्या दोन हातांनीं किती जखमी वांचतील याला मर्यादा आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून ते आणखी हात तयार करीत होते.

१९४१ सालींच कुओ चिंग-लान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें त्यांस मुलगा झाला. त्याचें नांव यिन-ह्वा असें ठेविलें. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. परंतु हें सुख फार दिवस टिकावयाचें नव्हतें. कष्ट, अपुरा आहार आणि अपुरी झोंप यांनीं त्यांची प्रकृति पोखरली होती. त्यांस अपस्माराचे, म्हणजे फेंफऱ्याचे, झटके येऊं लागले होते. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. अखेर एका मोठ्या झटक्यानंतर ९ डिसेंबर १९४२ रोजीं होपे प्रांतांतील तांग परगण्याच्या एका खेड्यांत त्यांचें देहावसान झालें. वय अवघें बत्तीस वर्षांचें. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

त्यांचें स्मरण दोन्ही देशांनीं राखलें आहे. चीनमधील शिजियाझ्वांग या शहरीं हुतात्म्यांच्या उद्यानांत त्यांची समाधि आहे. बेथ्यून यांची समाधिही त्याच उद्यानांत आहे. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यांच्या जीवनावर हिंदी बोलपट काढला व कोटणिसांची भूमिका स्वतः केली. सोलापुरासही त्यांचें स्मारक झालें आहे. मुलगा यिन-ह्वा वैद्यकाचेंच शिक्षण घेत होता. परंतु पदवी हातीं येण्यापूर्वींच १९६७ सालीं तोही वारला. पत्नी कुओ चिंग-लान २०१२ सालापर्यंत हयात होत्या आणि भारताशीं असलेलें आपलें नातें त्यांनीं शेवटपर्यंत जपलें.

चरित्र येथें संपलें. आतां त्यापासून काय घ्यावें आणि काय घेऊं नये, याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे.

वैद्याच्या कर्तव्याचा विचार फार जुना आहे. ग्रीस देशांत हिपॉक्रेटीसच्या नांवानें वैद्य शपथ घेत. आमच्याकडे चरकसंहितेंत गुरूनें शिष्यास करावयाचा उपदेश सांगितला आहे. रोग्याच्या हितासाठीं सर्वभावें झटावें, स्वतःच्या जीवासाठींही त्याचा घात चिंतूं नये, आणि त्याच्या घरांतील गोष्ट बाहेर बोलूं नये, असा त्याचा आशय आहे. १९४८ सालीं जागतिक वैद्यक संघटनेनें जिनीव्हा येथें सर्व देशांतील डॉक्टरांसाठीं एक प्रतिज्ञा ठरविली. तींत रोग्याचें आरोग्य प्रथम मानलें असून धर्म, वंश, राष्ट्र किंवा पक्ष यांवरून भेद करूं नये असें सांगितलें आहे. द्वारकानाथ ती प्रतिज्ञा लिहिली जाण्यापूर्वींच तिच्याप्रमाणें वागून गेले होते.

परंतु त्याच प्रतिज्ञेंत २०१७ सालीं एक नवें कलम घालण्यांत आलें. रोग्याची सेवा उत्तम व्हावी म्हणून डॉक्टरानें स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष द्यावें, असें तें कलम सांगतें. हें कलम वाचतांना आम्हांस बत्तीस वर्षांच्या त्या डॉक्टरांची आठवण होते. बहात्तर तासांची ती जागरणें युद्धाची गरज होती; तेथें दुसरा हात नव्हता. शांततेच्या काळीं तोच नियम करूं पाहणें अन्यायाचें आहे. थकलेला हात चुकतो आणि त्या चुकीचें मोल रोगी देतो. आजच्या रुग्णालयांतून तरुण डॉक्टर व परिचारिका यांस एकामागून एक पाळ्या कराव्या लागतात. बाह्यरुग्ण विभागांत रांगा संपत नाहींत. कागद भरण्यांत वेळ जातो. २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या साथींत या ओझ्याचें खरें रूप सर्वांनीं पाहिलें. अशा वेळीं कोटणिसांचें नांव घेऊन, तुम्हीही झोंपूं नका, असें कोणीं म्हणूं लागल्यास तो त्यांच्या नांवाचा दुरुपयोग होईल. पुरेसे डॉक्टर, पुरेशा परिचारिका आणि पुरेशीं औषधें उभीं करणें, हें समाजाचें व सरकारचें कर्तव्य आहे.

म्हणून पालकांसही आमची नम्र विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर व्हावी, ही इच्छा धरतांना तिच्यामागें केवळ मानमरातब व पैसा यांचा हिशेब नसावा. ज्या घरीं लहानपणापासून शिक्षणाच्या खर्चाची वसुलीच बोलली जाते, त्या घरचें मूल पुढें रोग्याकडेही वसुलीच्याच दृष्टीनें पाहूं लागतें. आणि आपण स्वतः रुग्णालयांत गेलों असतां आपल्यामागेंही रांग आहे, समोरची परिचारिका रात्रभर जागलेली आहे, याचें भान राखावें. आप्ताच्या दुःखानें मन भडकतें, हें आम्हांसही ठाऊक आहे. परंतु डॉक्टरावर उचललेला हात पुढच्या रोग्याच्या उपचाराच्या आड येतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील सर्वांस चीनला जावयाचें नाहीं, आणि ईश्वर करो, युद्धांतही कोणास जावें न लागो. परंतु तुमच्यांतील कोणी उद्यां नवेगांवच्या किंवा दरेकशाच्या बाजूस एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसेल. पावसाळ्याचे दिवस असतील, हिवतापाचे रोगी ओसरीवर दाटले असतील, दिवस मावळत आला असेल, आणि शेवटीं एक म्हातारा काठी टेकीत आंत येईल. त्या वेळीं सोलापूरच्या द्वारकानाथांची आठवण करा, खुर्ची पुढें ओढा, आणि तो पहिलाच रोगी असल्याप्रमाणें त्याची नाडी हातीं घ्या.